तीन मशीनचं एक मशीन

२ जाने. १९८२, शनि.

आमच्या लेकीचं, मित्राचं, कानाचं मशीन परत बंद. या वेळी खरखरसुद्धा नाही. सेल बदलला, वायर बदलली, काही नाही. सकाळपासून गळ्यातली ती डबी हातात धरून माझ्या मागे मागे फिरतेय. मशीन चालू असलं की दिवसभर आई, आई, आई. बंद पडलं की दोन तासांत गप्प होते, मग नुसती बोटं दाखवते. तापात कान गेले तेव्हा तीन वर्षांची होती, आता आठ पूर्ण. तिच्या मूकबधिर शाळेच्या दातार बाई (मुख्याध्यापिका) म्हणतात, अशा मुलांचा महिनाभर आवाज बंद राहिला तर शिकवलेलं बोलणं मागे जातं.

दुकानदार म्हणतो हे मॉडेल बंद झालं, पार्ट येत नाहीत, नवीन घ्या. नवीन आपल्याला जमणार नाही हे त्यालाही दिसत होतं, तरी कॅटलॉग पुढे केला.

३ जाने.

हे काल संध्याकाळी नांदगावहून आले, तिथल्या शाळेत नोकरीला आहेत. माझी सुट्टी शनिवारची, ह्यांच्या शाळेला रविवारची, त्यामुळे बोलणं होतं ते मी कामावर जाताना नाहीतर आल्यावर. मी म्हटलं, उघडून बघते. म्हणाले, एकदा उघडलंस की दुकानदार हात लावणार नाही. तसाही कुठे लावतोय. आठ वर्षं सातपूरला कंट्रोल पॅनेलच्या पट्ट्यांवर सोल्डरचे डाग देतेय मी, डोळे मिटून देते. पण ते कारखान्याचं. हे पोरीचं.

५ जाने.

पहिली पाळी करून आले आणि उघडलंच. आत सगळं मुंगीच्या घरासारखं. माइकच्या वायरीला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर कानातल्या बटणात गुर्र असा आवाज आला, म्हणजे पुढचं सगळं जिवंत आहे. माइकच मेलाय. आता असा माइक आणायचा कुठून.

९ जाने., शनि.

पंचवटीत जाऊन आले. पत्ता दातार बाईंनी दिला. तिथले एक गुरुजी दिवाळीत वारले, त्यांचं मशीन याच बनावटीचं, घरात पडून आहे म्हणे. भाजीबाजारामागची गल्ली, दोनदा चुकले. दारात सून. कुठल्या तुम्ही? सातपूर. तसं नाही, मूळच्या? मनमाडकडची. आडनाव? गांगुर्डे. मग "थांबा हं" म्हणून आत गेली ती येईचना. मी पायरीवर उभी. अपमानाचं नंतर बघू, आधी मशीन मिळू दे, एवढंच डोक्यात.

शेवटी आजी स्वतः बाहेर आल्या, गुरुजींच्या पत्नी. माझ्याशेजारी पायरीवरच बसल्या. मशीन जुन्या रुमालात गुंडाळलेलं. म्हणाल्या, "मी बोलायला लागले की हे बंद करून ठेवायचे. तुझी मुलगी तरी ऐकेल." हसल्या आणि मग डोळे पुसले. सून दाराआडून बघत होती. मला पाणी विचारलं नाही, मीही मागितलं नाही.

१० जाने.

गुरुजींचा माइक मित्राच्या मशीनमध्ये बसला. डाग देताना श्वास रोखून धरला होता. तिला लावलं, आवाज वाढवत नेला. काही नाही, काही नाही. मग मी स्टोव्हला पंप मारायला बसले आणि तिची मान वळली. नंतर तासभर स्वतःच पंप मारत बसली. रॉकेल सांडलं. सांडू दे.

१६ जाने., शनि.

दातार बाईंना सांगायला शाळेत गेले. मित्राच्या मशीनला कान लावून बसल्या, खूप वेळ. मग कपाट उघडून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत अकरा मशीनं. सगळी मेलेली. मुलं शाळा सोडून गेली, पालकांनी नवीन घेतलं, कुणाचं पाण्यात पडलं. फेकवत नाहीत म्हणून ठेवलीत. सव्वीस मुलांना मशीन हवंय, आहेत नऊ जणांकडे.

डबा घेऊन आले. बसमध्ये मांडीवर धरून बसले होते, आणि आपण काय घेऊन चाललोय याची धास्ती वाटत होती.

२३ जाने., शनि.

क्र. १ – वायरीचाच दोष. चालू.
क्र. ३ – सेलचं पाणी आत झिरपलंय, साफ केलं. चालू.
क्र. ४ – फक्त बटण चांगलं.
क्र. ७ – डाग सुटलेला. चालू.
क्र. २ – माइक सोडून सगळं खलास.
क्र. ६ – डबी आणि आतली पट्टी शाबूत. माइक नाही, बटण नाही.
बाकीची अजून बघायची.

हे म्हणाले, पोरांच्या कानाचा मामला आहे, जपून. मी म्हटलं, जपूनच करतेय.

२६ जाने.

झेंडावंदनाला शाळेत. हिरा गावित नावाची मुलगी वसतिगृहात आहे, पेठकडच्या पाड्यावरची, दहा वर्षांची. तिला कधीच मशीन नव्हतं. मित्राच्या मशीनचं बटण काढून स्वतःच्या उजव्या कानात घालून बघत होती. मित्रा देईना, दोघींची ओढाताण. मी सोडवली. हिराने माझ्याकडे असं बघितलं की

हिला एक मशीन करून द्यायचं.

३० जाने., शनि.

हिराचं झालं. डबी आणि पट्टी क्र. ६ ची, माइक क्र. २ चा, बटण गुरुजींच्या मशीनचं. तीन मशीनचं एक मशीन. आत टाचणीच्या डोक्याएवढा एक स्क्रू असतो, आवाज फार मोठा झाला तर तो अडवतो असं मला वाटतं. क्र. ६ चा पिचलेला. बदली कुठल्याच मशीनमध्ये मिळाली नाही, म्हणून तिथे सरळ वायर जोडली. बोलून बघितलं, आवाज मोठा आणि स्वच्छ.

दुपारी तिला लावलं. आधी दचकली. मग हातातल्या बांगड्या कानाजवळ नेऊन वाजवल्या. मग नळाखालची बादली, मग दार, मग स्वतःचा आवाज. ओरडून बघायची, थांबायची, हसायची. दातार बाई तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

६ फेब्रु., शनि.

एकूण सात मशीनं चालू झाली, हिराचं धरून. आज हिराचे वडील शाळेत भेटले. द्राक्षाच्या बागेत कामाला आलेत, छाटणीपासून इकडेच. मला बघून हात जोडले. म्हणाले, "ती मला बा म्हनली, ताई. दहा वरसात पयल्यांदा." आनंद झाला असं लिहिणार होते, पण त्याहून भीतीच जास्त वाटली. माणसं आपल्यावर एवढा विश्वास टाकतात म्हणून असेल.

१२ फेब्रु., शुक्र.

मित्राच्या वहीत दातार बाईंची चिठ्ठी. हिरा बुधवारपासून मशीन लावू देत नाही. लावायला गेलं की फेकते. उजवा कान धरून रडते. येऊन बघाल का.

१३ फेब्रु., शनि.

गेले. हिरा पलंगावर भिंतीकडे तोंड करून. हात लावला तर झटकला. बाईंना विचारलं, बुधवारी काय झालं होतं? काहीच नाही, नेहमीचा ढोलाचा तास. मुलांच्या जवळ ढोल वाजवतात, ठेका कळावा म्हणून. हिरा पहिल्या रांगेत होती.

बाईंना म्हटलं, एकदा हे बटण माझ्या कानात घालते आणि तुम्ही ढोल वाजवा. त्यांनी वाजवला.

कानात खिळा मारल्यासारखं झालं. मी बटण ओढून काढलं. आत्ता संध्याकाळ झाली तरी उजव्या कानात शिटी वाजतेय.

तो स्क्रू. त्याच्या जागी मी सरळ वायर दिली होती. आणि बटण गुरुजींचं, ते तर जवळजवळ ठार बहिरे होते, त्यांचं बटण मुळातच ताकदीचं असणार. मी बोलून बघितलं होतं. ढोल वाजवून बघितला नव्हता.

बाई विचारत होत्या, काय झालं? मी म्हटलं, घरी नेऊन बघते. एवढंच बोलले आणि निघाले.

१४ फेब्रु.

ह्यांना सांगितलं. उठून आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "शाळेत बोलू नकोस. मशीन बिघडलं म्हण. काही झालं तर शिकलेल्यांना कुणी धरणार नाही, आपल्याला धरतील. कारखान्यात कळलं तर?" ह्यांचं अगदीच चूक आहे असंही नाही. मी म्हटलं, आणि हिराचा कान? ते म्हणाले, आधी काय होतं तिला? मला ते फार लागलं. आधी काय होतं ते आम्हीच विचारायचं का?

थोडं ऐकू येत होतं तिला. तेवढंच तर होतं.

१६ फेब्रु.

कामावर चार पट्ट्या चुकल्या. सुपरवायझर म्हणाला, तब्येत बरी नाही का? हो म्हटलं.

बाकी सहा मशीनं मुलांच्या कानात आहेत. त्यांचे स्क्रू मी सोडवले नव्हते, बहुतेक नव्हते. क्र. ९ चा? आठवत नाही. वहीत लिहिलेलं नाही.

घरी आल्या आल्या मित्राचं मशीन तपासलं. स्वतःच्या कानात घालून ताटावर पळी आपटली. मोठा आवाज आपोआप दबतो. ठीक आहे. मग लक्षात आलं, सहा पोरं सोडून मी आधी माझ्या मुलीचं बघितलं. हे लिहितानाही लाज वाटते.

१८ फेब्रु., गुरु.

अर्धा दिवस रजा. दातार बाईंना सगळं सांगितलं. स्क्रू, वायर, गुरुजींचं बटण, शनिवारी घाबरून पळाले तेही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मी तरी कुठे विचारलं तुम्हाला, तपासलंय का म्हणून. मला मशीनं हवी होती." मग उठल्या आणि वर्गावर्गांत जाऊन सगळी गोळा करायला लागल्या.

मुलं देईनात. एका मुलीने बटण मुठीत आवळून धरलं होतं, बोट बोट उघडावं लागलं. वर्गात एकेक तोंड बंद होत गेलेलं मी बघितलं.

मी मित्राचंही काढून त्याच डब्यात ठेवलं. तिने माझ्या मनगटाला चावा घेतला. बाईंनी ते परत काढून तिच्या गळ्यात घातलं आणि मला जरा रागानेच म्हणाल्या, तुमची शिक्षा मुलीला कशाला?

२० फेब्रु., शनि.

कानाचे डॉक्टर महिन्यातून एकदा मुंबईहून येतात, आज त्यांचा दिवस. बाई आणि मी हिराला घेऊन गेलो. उजवा कान आतून सुजलाय, पू आहे. मी विचारलं, आवाजाने झालं का हे? म्हणाले पू आवाजाने होत नाही, तो जंतूंचा प्रकार. पण आवाजाने आतली नस दुखावली आहे का, ते सूज असेपर्यंत सांगता येणार नाही. महिनाभर औषध, मग तपासणी. शाळेत दाखल होतानाचा तिच्या ऐकण्याचा आलेख आहे, त्याच्याशी ताडून बघू.

मी म्हटलं, मशीन मी जोडलं होतं. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. कुठे शिकलात? कुठेच नाही. आम्ही सोबत नेलेली सातही मशीनं आवाज मोजायला मुंबईला घेऊन गेले. रागावले की काय, चेहऱ्यावरून कळलं नाही.

म्हणजे अजून एक महिना.

२३ फेब्रु.

पू आवाजाने होत नाही. हे वाक्य दिवसभर तोंडात घोळवते. म्हणजे कदाचित ती कान दुखतोय म्हणूनच रडली असेल. म्हणजे कदाचित ढोलाने काहीच झालं नसेल. मग स्वतःच्या कानातली ती शिटी आठवते. दोन दिवस होती.

२७ फेब्रु., शनि.

हिराच्या वडिलांना सांगायचं होतं. बाई म्हणाल्या, मी सांगते. नको म्हटलं. ते वसतिगृहाच्या ओट्यावर बसले होते, हातांना द्राक्षाच्या औषधाचे निळे डाग. मी समोर बसले आणि सांगितलं. मशीन मी केलं, त्यात एक वस्तू नव्हती, आवाज जास्त झाला, कान दुखावला असेल.

अंगठ्याने तळहातावरचा निळा डाग घासत राहिले. मग विचारलं, "आता तिला आयकाया येनार नाय का?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"तुमाला पन म्हाईत नाय?"

नाही म्हटलं.

मान हलवली. रागाचा एक शब्द नाही, मनावर घेऊ नका असंही नाही. हिरा येऊन त्यांना टेकून उभी राहिली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी उठून आले. कोपऱ्यावर जाईपर्यंत मागे वळून बघायचा धीर झाला नाही.

६ मार्च, शनि.

ह्यांचं आठवडाभर पत्रही नाही. आज आले ते स्वतःच म्हणाले, सांगितलंस ते बरं केलंस. मग पुढे म्हणाले, मी नसतं सांगितलं. एवढं खरं बोलल्यावर मला राग धरता येईना. जेवायला वाढलं.

११ मार्च

मुंबईहून पार्सल शाळेत आलं. सात मशीनं, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. पाच ठीक. क्र. ९ चा आवाज थोडा जास्त, स्क्रू कसा फिरवायचा त्याचं चित्र काढलंय. हिराच्या मशीनच्या चिठ्ठीवर, "लावू नये". बाकी काही नाही. पार्सलात एका पुडीत तसले स्क्रू आठ-दहा आहेत, बिघडलेल्या मशीनमधून काढलेले. डॉक्टरांकडेही असा डबा असावा.

बाईंनी पाच मशीनं मुलांना लगेच लावली. क्र. ९ आणि हिराचं माझ्यासमोर ठेवलं. कराल ना? मी पिशवीत घातलं, पण हो म्हटलं नाही.

१३ मार्च, शनि.

इस्त्री तापवली, म्हणजे डाग द्यायची. पाऊण तास तापत राहिली. क्र. ९ चा स्क्रू अर्धा वेढा फिरवला, ताटावर पळी, ढोलाच्या जागी हंडा, माझ्या एका कानात, मग दुसऱ्या. ठीक. हिराचं उघडलं आणि परत बंद केलं. तिथली माझी वायर चमकत होती, डाग अगदी सुबक बसलाय.

१५ मार्च

हिराचं केलं. वायर काढली, पुडीतला स्क्रू बसवला, गुरुजींचं बटण काढून क्र. ४ चं लावलं. हंडा वाजवला. दबतो. तरी मोजल्याशिवाय कुणाला देणार नाही. आता प्रत्येक मशीनची वहीत वेगळी पानं केलीत, काय काढलं, कुठलं घातलं, काय नाही घातलं.

उशीर झाला हे शहाणपण यायला.

२० मार्च, शनि.

दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितेय, हाताला काहीतरी हवं म्हणून. हिराचा पू गेला. आज तपासणी. तिचे वडील माझ्या शेजारी, मध्ये एका माणसाची जागा सोडून. हेही आलेत, शाळेतून अर्धी रजा टाकून, दाराशी उभे आहेत. मी बोलावलं नव्हतं.

समोर काचेची खोली. हिरा आत, कानांवर मोठे काळे गोल. तिच्यापुढे चिंचोक्यांचा ढीग आणि एक वाटी. चिंचोका कानाशी धरून थांबायचं, आवाज आला की वाटीत टाकायचा, असं बाईंनी तिला समजावलंय. डॉक्टर आमच्याकडे पाठ करून यंत्राचं बटण फिरवतात. आवाज फक्त तिच्या कानात, बाहेर काहीच येत नाही. चांगला कान आधी. चिंचोके पडतायत, एक, मग लगेच एक, मग थोड्या वेळाने एक.

वडिलांनी विचारलं, "आयकतीय ना ती?"

मी म्हटलं, डावा कान आहे हा. उजवा अजून व्हायचाय.

मित्रा माझ्या पायाशी बसून काचेला नाक लावून बघतेय. मशीन चालू आहे तिचं, पण तीही बोलत नाहीये.

डॉक्टरांनी हात वर केला. उजवा सुरू होतोय, ही खूण त्यांनी आधी सांगितली होती. हिराने ढिगातून एक चिंचोका उचलला. तो कानाजवळ धरलाय, वाटीच्या वर नाही. डॉक्टरांचा हात फिरला, थांबला, परत फिरला. आवाज गेला असेल की अजून सोडलाच नसेल, इथून कळत नाही. हिरा डोळे मिटून बसलीय. वडील उठून उभे राहिले, त्यांच्या मागोमाग मीही उठतेय, वही मिटते.